विषय: मराठवाड्यातील युद्धकालीन परिचारिकांचे स्मरण, १७ सप्टेंबरच्या कार्यक्रमासाठी

प्रेषक: कार्यक्रम समितीचा एक सदस्य (मूळ गाव परभणी)

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आपण दरवर्षी ध्वजवंदन, स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रतिमेला हार, एक भाषण आणि भोजन अशा ठरलेल्या क्रमाने साजरा करतो. यंदा भाषणाऐवजी, युद्धकाळात जखमींची शुश्रूषा करणाऱ्या आपल्या भागातील स्त्रियांचे स्मरण करावे, असे मी सुचवतो. बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांनी पुरुषी वेशात हाती शस्त्र घेतले, ही गोष्ट आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते आणि ती असायलाच हवी. मात्र त्याच काळात निजामी हद्दीबाहेर मनमाड, बार्शी, उमरखेड येथे उभारलेल्या कॅम्पांत गोळी लागलेल्या आणि हिवतापाने फणफणलेल्या कार्यकर्त्यांच्या उशाशी ज्या बसल्या, त्यांचे नाव विचारले तर आपण एकमेकांकडे पाहत राहतो. त्यांच्याबरोबरच दुसऱ्या महायुद्धात आणि पुढे १९६२, १९६५ व १९७१ मध्ये लष्करी रुग्णालयांत काम केलेल्या मराठवाड्यातील परिचारिकांचीही यादी करावी. ज्यांच्या घरात अशी आत्या, मावशी किंवा आजी होती, त्यांनी कळवावे.

प्रेषक: एक सभासद (मूळ गाव छत्रपती संभाजीनगर)

प्रस्ताव चांगला आहे, पण या दोन गोष्टी एका माळेत ओवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. लष्करी परिचर्या ही शिस्तीची, प्रशिक्षणाची सेवा आहे. २८ मार्च १८८८ रोजी दहा प्रशिक्षित ब्रिटिश परिचारिका मुंबईच्या बंदरात उतरल्या, तिथून तिचा इतिहास सुरू होतो. १ ऑक्टोबर १९२६ रोजी भारतीय लष्करी परिचर्या सेवा कायमस्वरूपी स्थापन झाली आणि १९४३ च्या अध्यादेशाने तिच्यातील परिचारिकांना अधिकाऱ्याचा दर्जा मिळाला. कॅम्पातील स्त्रियांचे धैर्य मी नाकारत नाही, पण त्या परिचारिका नव्हत्या. सगळ्यांना एकच उपाधी लावली, तर ज्यांनी रीतसर शिकून सेवा पत्करली त्यांच्यावर अन्याय होईल. शिवाय पुरावा काय मागणार? ‘आमची आजी लढाईत होती’ एवढ्यावर फलक छापता येणार नाही.

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, निवृत्त लष्करी परिचारिका (मूळ गाव नांदेड)

दोन्ही पत्रे वाचली. मी १९७१ च्या युद्धाच्या वेळी पुण्याच्या लष्करी रुग्णालयात लेफ्टनंट होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

आमच्या वेळच्या वरिष्ठ मेट्रन दुसऱ्या महायुद्धातून आलेल्या होत्या, आणि त्यांच्या बोलण्यात तोफांपेक्षा डासच जास्त असत. ते खरेच होते. ब्रह्मदेशच्या आघाडीवर १९४३ मध्ये लढाईत जखमी झालेल्या प्रत्येक सैनिकामागे सुमारे १२० जण मलेरिया, अतिसार, टायफस अशा आजारांनी मागे पाठवावे लागत होते. तेव्हा युद्धातील परिचर्या म्हणजे मुख्यतः ताप उतरवणे, हिवतापावरच्या मेपाक्रिन औषधाची कडू पिवळी गोळी डोळ्यांदेखत गिळायला लावणे आणि मलमूत्राची भांडी उकळणे. चित्रपटात दिसते तसे ते काम नसते.

माझ्या वाट्याला पाय गमावलेले जवान आले. कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून पुण्यातच असल्याने सुरुंगावर पाय पडलेले जवान शेवटी आमच्याकडेच येत. कापलेल्या पायाच्या खुंटावर पट्टी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी तिरपी फिरवावी लागते, टोकाशी घट्ट आणि वर मांडीकडे सैल, म्हणजे सूज वरच्या बाजूला ओसरते आणि खुंट कृत्रिम पायाच्या खोबणीत बसण्याजोगा निमुळता होतो. वर घट्ट आणि खाली सैल बांधली, तर टोकाला गोळा येतो आणि माणूस महिनोन्महिने मागे पडतो. ती पट्टी दिवसातून अनेकदा सोडून पुन्हा बांधावी लागे. हे चालू असताना जवान म्हणायचा, ‘सिस्टर, अंगठ्याला खाज सुटली आहे,’ आणि तो अंगठा तर सीमेवरच राहिलेला असे. त्याला वेड लागलेले नाही, असे होतेच, हे पुन्हा पुन्हा समजावून सांगणे हा पट्टी बांधण्याइतकाच कामाचा भाग होता.

आता मूळ मुद्दा. संभाजीनगरच्या भाऊंचे म्हणणे दर्जाच्या बाबतीत बरोबर आहे, पण त्यावरून कॅम्पातील स्त्रियांना वगळणे मला पटत नाही. भारत सरकारने स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतनासाठी हैदराबाद मुक्तिलढ्यातील सीमेवरचे कॅम्प मान्य केले, आधी ९८ आणि नंतर आणखी १८. जी जागा सरकारने रणांगणाचा भाग मानली, तिथे जखम धुणारीला आपण बाहेर का उभे करावे? दोन स्वतंत्र भाग करा, मथळे नेमके ठेवा: एकीकडे ‘लष्करी परिचर्या सेवा’ आणि दुसरीकडे ‘मुक्तिलढ्याच्या कॅम्पांतील शुश्रूषा’. कोणाची उपाधी कोणाला जाणार नाही.

नावे मिळत नाहीत याचे कारण मात्र वेगळे आहे, आणि ते थोडे बोचणारे आहे. ज्या काळाबद्दल आपण बोलतो, त्या काळात आपल्याकडच्या वरच्या म्हणवणाऱ्या घरांतल्या मुलींना परक्या पुरुषाचे अंग पुसण्याचे हे शिक्षण घेऊ दिले जात नसे. पुढे आल्या त्या बहुतांशी ख्रिस्ती मुली, जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी वसवलेल्या बेथेलसारख्या वस्त्यांमधल्या, मिशनच्या शाळेत शिकलेल्या, आणि त्यांपैकी कित्येकींचे पूर्वज मातंग समाजातले. त्या आपल्या कुलवृत्तांतात सापडणार नाहीत. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत सापडतील. आपल्या मंडळात त्या वस्त्यांमधले सभासद किती आहेत, हेही यानिमित्ताने पाहावे.

दुसरे असे की लग्न केले की सेवा सोडावी लागे. तो नियम १९९५ मध्ये मागे घेतला गेला, आणि १९८८ मध्ये लग्नाच्या कारणावरून कमी केलेल्या एका लष्करी परिचारिकेला सर्वोच्च न्यायालयाने ६० लाख रुपये भरपाई दिली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये. म्हणून लष्करी कागदावर माहेरचे आडनाव असते आणि गावात तिला सासरच्या नावाने ओळखतात. माहेरचे नाव विचारल्याशिवाय शोध पुढे सरकणार नाही.

प्रेषक: कार्यक्रम समितीचा सदस्य (परभणी)

ताई, आपले पत्र समितीपुढे ठेवले आणि दोन भाग करण्याचे ठरले. पुराव्याबाबत एवढे सांगता येईल की १९७१ च्या युद्धाची ‘संग्राम’, ‘पूर्वी स्टार’ किंवा ‘पश्चिमी स्टार’ ही पदके घरी असतील, तर त्यांवर बहुधा क्रमांक व नाव कोरलेले असते. त्या कोरलेल्या अक्षरांचे छायाचित्र पाठवावे आणि त्याआधी पदक चिंच लावून घासू नये, अक्षरे झिजतात. सेवेत असताना ज्यांचा मृत्यू झाला, त्यांचा शोध राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत घेता येतो, मात्र तिथे दुसऱ्या महायुद्धासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ एवढाच काळ धरला आहे. म्हणजे हैदराबादवरील १९४८ च्या पोलीस कारवाईतले कोणीही त्यात येणार नाही, आणि जिवंत परतलेली तर नाहीच. हयात असलेल्या परिचारिकांची नावे त्यांच्या लेखी संमतीशिवाय छापली जाणार नाहीत.

प्रेषक: एक सभासद (मूळ गाव बीड)

उर्दू कागद वाचून देण्याचे काम माझ्याकडे द्यावे. निजामी राजवटीतल्या दाखल्यांवर फसली सन असतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, आणि वर्ष ऑक्टोबरात सुरू होते. त्यामुळे १३५३ असेल तर तो कागद १९४३-४४ चा, महायुद्धातला, आणि १३५७ असेल तर १९४७-४८ चा, रझाकारांच्या दिवसांतला. दाखल्याचे पूर्ण छायाचित्र काढावे, कडा कापू नयेत, कारण शिक्का आणि दवाखान्याचे नाव बहुधा कोपऱ्यातच असते. आमच्याकडे आजोबांच्या पेटीतले असे चार-सहा कागद आहेत. आठवड्याअखेर त्यांपासूनच सुरुवात करतो.