मदत हवी आहे: पक्षाघातानंतर गिळण्याची थेरपी, लातूर-अंबाजोगाई भागात कोण देतं?

पक्षाघाताच्या पेशंटना फिजिओथेरपी कशीबशी मिळते, गिळणं मात्र कुणी तपासत नाही. ते काम स्पीच थेरपिस्टचं. घरोघरी दुधात कुस्करलेली भाकरी भरवतात. तीच घातक, कारण पातळ दूध घासाआधी घसरून श्वासनलिकेत जातं आणि पुढं न्यूमोनिया होतो. दर वेळी ठसका लागतोच असं नाही. जेवताना आवाज ओला, घरघरीत झाला तरी सावध व्हावं. तूर्त आम्ही एवढंच सांगतो: ताठ बसवा, अर्धा चमचा एकजीव दाट घास द्या, जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. हनुवटी खाली घेऊन गिळणं कुणाला मानवेल, हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

औसा, उदगीर, अंबाजोगाईकडे येणारे किंवा व्हिडिओ कॉलवर पाठपुरावा करणारे स्पीच थेरपिस्ट माहीत आहेत का? ज्वारीच्या आंबिलीचा दाटपणा 10 मिलीच्या सिरिंजनं, म्हणजे ती भरून 10 सेकंद वाहू दिल्यावर आत किती उरते ते पाहून, कुणी मोजला आहे का? पिठाचं प्रमाण कळवा.