मदत हवी आहे: स्कॉटिश आणि व्हिएतनामी वंशाच्या लोकांची तुलना, टोटल जुळत नाहीत (सोमवारपर्यंत)

निळीछत्री
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. स्कॉटिश वंशाचे आणि व्हिएतनामी वंशाचे लोक यांची सामाजिक-आर्थिक तुलना करायची आहे. उत्पन्न, शिक्षण, बेरोजगारी आणि स्वतःचं घर, एवढे चारच कॉलम. सोमवारी सकाळी द्यायचं आहे. दोन रात्री जागून टेबलं काढली, पण वंशवार बेरीज केली की ती एकूण लोकसंख्येच्या वर जाते. दुसरं म्हणजे स्कॉटिश लोकांत काम करणारेच कमी दिसतात, उत्पन्नही कमी दिसतं. हे पटतच नाही. फॉर्म्युले तीनदा तपासलेत. कुठे चुकतंय ते कोणी सांगेल का? "गूगल कर" असं कृपया सांगू नका, ते करून झालंय.

पाटीपेन्सिल
देश कोणता? वर्ष कोणतं? डेटा कुठला?

मुळामुठा
अमेरिकाच असणार. मी अकरा वर्षं ऑरेंज काउंटीत काढली, वेस्टमिन्स्टरचं लिटल सायगॉन घरापासून वीस मिनिटांवर होतं. तिकडच्या सर्व्हेत स्कॉटिश आणि स्कॉच-आयरिश असे दोन वेगळे गट येतात आणि व्हिएतनामी येतात वंशवर्णाच्या, म्हणजे रेसच्या प्रश्नात. एक गट एका प्रश्नातून, दुसरा दुसऱ्या प्रश्नातून, मग टोटल कशी जुळेल? आणि व्हिएतनामी लोकांच्या उत्पन्नाबद्दल लिहिताना नेल सलोन सोडू नका. १९७५ मध्ये टिपी हेड्रन या नटीने सॅक्रामेंटोजवळच्या निर्वासित छावणीतल्या वीस बायकांना नखांचं काम शिकवायची सोय केली, तिथून तो धंदा देशभर पसरला. यावर सविस्तर लिहू शकेन, सांगा.

निळीछत्री
ऑस्ट्रेलिया! सॉरी, मी मेलबर्नला असते, त्यामुळे तेच डोक्यात होतं. सेन्सस २०२१. मुळामुठा, माहिती छान आहे, पण मला अमेरिकेचं काही नको.

आकडेमोड
ताई, टेबलं क्विकस्टॅट्सवरून (सेन्ससचे तयार तक्ते असतात तिथून) घेतलीत की टेबलबिल्डरमधून (हवे ते तक्ते काढायच्या ऑनलाइन साधनातून) स्वतः काढलीत? वंशाचा कुठला कॉलम घेतलात?

तोवर टोटलचं सांगतो. ऑस्ट्रेलियात वंशाच्या प्रश्नाला एका माणसाला दोन उत्तरं देता येतात. आजोबा ग्लासगोचे आणि आजी डेव्हनची, तर तो स्कॉटिशही लिहितो आणि इंग्लिशही, आणि दोन्हीकडे मोजला जातो. म्हणून २०२१ ला इंग्लिश ३३ टक्के, ऑस्ट्रेलियन २९.९, आयरिश ९.५, स्कॉटिश ८.६, चिनी ५.५ असं खाली करत गेलात की बेरीज शंभराच्या पुढे जाते. लोकसंख्या २ कोटी ५४ लाख, उत्तरं त्याहून पुष्कळ जास्त. यात तुमची चूक काहीच नाही, फक्त ही बेरीज करायची नसते.

आणि छोट्या खान्यांत पाच-दहाचा फरक दिसला तर घाबरू नका. कोणाची ओळख पटू नये म्हणून टेबलबिल्डर आकडे मुद्दाम किंचित हलवतो.

निळीछत्री
टेबलबिल्डर. टोटलचं कळलं, धन्यवाद. आता दुसरं सांगा, स्कॉटिश लोकांचं उत्पन्न कमी का येतंय?

आकडेमोड
कॉलम कुठला घेतलात ते अजून सांगितलं नाहीत.

निळीछत्री
व्हिएतनामीसाठी वंश घेतला. स्कॉटिशसाठी जन्मदेश स्कॉटलंड घेतला. कारण वंश घेतला की जवळजवळ २२ लाख येतात. तो आकडा फारच मोठा वाटला, समोर व्हिएतनामी फक्त ३,३४,७८१. जन्मदेशाने घेतलं की आकडे जरा बरोबरीचे होतात.

पाटीपेन्सिल
तिथेच घोळ आहे.

आकडेमोड
हो, तिथेच आहे. ताई, स्कॉटलंडमध्ये जन्मलेले ऑस्ट्रेलियातले लोक म्हणजे प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधून लोक आणण्याच्या सरकारी योजनेत दहा पौंडांच्या तिकिटावर आलेली कुटुंबं. ती योजना सत्तरच्या दशकापर्यंत चालली. त्या वेळी आईचं बोट धरून बोटीवर चढलेलं पोरही आता साठीच्या आसपास आहे. म्हणजे त्यात निवृत्त लोक भरपूर, पगार नाही, पेन्शन आहे. काम करणारे कमी आणि उत्पन्न कमी दिसणारच. तुम्ही पेन्शनरांची तुलना शाळा-कॉलेजातल्या मुलांसकट सगळ्या व्हिएतनामी समाजाशी केलीत.

दोन्हीकडे वंशच घ्या. आकडा मोठा-लहान असण्याने काही बिघडत नाही, टक्केवारीच काढायची आहे. पण एवढ्याने भागणार नाही. वयोगट लावा, पिढी लावा.

ओसरी
मेलबर्नला नवीन असाल तर भाड्यासाठी सनशाईन बघा, स्टेशन जवळ आहे. घरमालकाकडून बॉण्डची, म्हणजे अनामत रकमेची, पावती न विसरता घ्या. माझ्या भाच्याचे फार हाल झाले होते.

फुटस्क्रेकर
मी या विषयाच्या अगदी शेजारी राहतो म्हणून लिहितो. आमच्या मागच्या गल्लीत एक व्हिएतनामी आजी आहेत. त्यांच्या गॅरेजमध्ये अजूनही एक ओव्हरलॉक मशीन (कापडाच्या कडा शिवायचं) आहे, त्यावर फुलाफुलांची चादर टाकलेली. नव्वदच्या दशकात शुक्रवारी संध्याकाळी व्हॅन यायची आणि कापलेल्या कॉलरींची पोती टाकून जायची. सोमवारी सकाळी सगळं शिवून तयार हवं. पैसे नगावर, तेही रोख, आणि एखादी शिवण वाकडी गेली की कापून घ्यायचे. शनिवार-रविवार नवरा आणि दोन्ही मुली धागे तोडायला बसायच्या. आजींनी मला त्यांचा अंगठा दाखवला, सुई आरपार गेल्याची खूण नखावर आहे. मेलबर्नमध्ये घरी बसून कपडे शिवणाऱ्या अशा बायका हजारो होत्या. सेन्ससच्या फॉर्मवर "मागच्या आठवड्यात काम केलं का" या प्रश्नाला त्यांनी काय उत्तर दिलं असेल? त्यांच्या दोन्ही मुली आज फार्मसिस्ट आहेत. तुमच्या टेबलात आजी आणि मुली मिळून एक सरासरी होतात. ती सरासरी ना आजींची, ना मुलींची.

मुळामुठा
हेच म्हणायचं होतं. शेवटी संस्कार. पूर्वेकडच्या घरांत शिक्षणाला जे महत्त्व आहे ते स्कॉटिश घरांत नाही. १९७७ मध्ये बोटीतून डार्विनला आलेले ह्यू व्हॅन ले २०१४ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर झाले. आणखी काय पुरावा हवा?

शेवगाशेंग
मुळामुठा, मला हे मान्य नाही. एका गव्हर्नरवरून सगळ्या समाजाचं चित्र कळत नाही. आणि शिक्षणाचं महत्त्व स्कॉटिश घरांत नाही हे तर साफ चूक. एडिंबरा, ग्लासगो, सेंट अँड्रूज, ॲबरडीन ही विद्यापीठं पंधराव्या-सोळाव्या शतकातली आहेत, खेड्याच्या पॅरिशमध्ये (चर्चच्या हद्दीत) शाळा काढायची परंपरा तिकडे जुनी आहे.

संस्कारांवर बोट ठेवण्याआधी लोक कधी आले आणि कुठे उतरवले गेले ते बघा. दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन ३० एप्रिल १९७५ ला पडली. त्याच्या दोन वर्षं आधी, १९७३ मध्ये, गोऱ्यांनाच प्रवेश देण्याच्या धोरणाचे शेवटचे अवशेष ऑस्ट्रेलियाने काढून टाकले होते. पहिली बोट एप्रिल १९७६ मध्ये डार्विनला लागली, त्यात पाच जण होते. पुढे निर्वासितांना सरकारी हॉस्टेलांत ठेवलं. मेलबर्नमध्ये स्प्रिंगवेलचं एंटरप्राइज आणि मॅरिबिर्नाँगचं मिडवे, सिडनीत कॅब्रामाटाच्या आसपासची. लोक हॉस्टेलमधून बाहेर पडले ते जवळच भाड्याने राहिले आणि जवळच्या कारखान्यांत लागले. म्हणून आज स्प्रिंगवेल, फुटस्क्रे आणि कॅब्रामाटा व्हिएतनामी आहेत. मग आयातकर उतरले, कारखाने आटले, १९९०-९१ ची मंदी आली. इंग्रजी कच्चं असलेला कामगार आधी बाहेर गेला. फुटस्क्रेकरांच्या गल्लीतलं ते मशीन तिथून आलंय.

मुळामुठा
मग मुली फार्मसिस्ट कशा झाल्या? मंदीमुळे?

शेवगाशेंग
घरच्यांच्या कष्टांमुळे, आणि सरकारी शाळा आणि विद्यापीठाची फी नंतर पगारातून फेडण्याची सोय होती म्हणूनही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी कष्ट नाकारत नाही, एकाच कारणावर सगळं टांगू नका एवढंच म्हणतो.

वाळकेश्वर
थोडं विषयांतर, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. ऑस्ट्रेलियातल्या सगळ्यात प्रसिद्ध स्कॉटिश माणसाचा मुंबईशी जवळचा संबंध आहे. लॅक्लन मॅक्वारी, अल्वा बेटावरचा. १७८८ मध्ये ७७ व्या रेजिमेंटबरोबर मुंबईला आला, १७९३ मध्ये मुंबईतच त्याचं जेन जार्व्हिसशी लग्न झालं, १७९९ ला श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात होता, आणि १८१० ते १८२१ न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर. आपल्याकडचे एल्फिन्स्टनही स्कॉटिश, विल्सन कॉलेजवाले जॉन विल्सनही.

निळीछत्री
वाळकेश्वर काका, सुंदर आहे, पण माझी रविवार रात्रच उरलीये. आकडेमोड, पिढी कशी लावायची?

आकडेमोड
आई-वडिलांचा जन्मदेश असा वेगळा कॉलम आहे, तो ओढा. तीन ढीग करा: स्वतः परदेशात जन्मलेले, इथे जन्मलेले पण आई किंवा वडील परदेशी, आणि दोघंही इथलेच. स्कॉटिश वंशात तिसरा ढीग सगळ्यात मोठा येईल. व्हिएतनामींत पहिला. एकूण ३,३४,७८१ आणि व्हिएतनाममध्ये जन्मलेले २,५७,९९७ हे शेजारी ठेवलेत की अंदाज येतो. पण हे एकमेकांतून वजा करू नका. व्हिएतनाममध्ये जन्मलेले कित्येक जण मूळचे चिनी, ते वंशाच्या जागी चिनी लिहितात.

आता वय. व्हिएतनामी लोक १९७५ नंतर आले, म्हणजे इथे जन्मलेलं त्यांचं सगळ्यात थोरलं मूल २०२१ ला जेमतेम पंचेचाळिशीचं. म्हणून इथे जन्मलेल्यांची तुलना २५ ते ३४ आणि ३५ ते ४४ एवढ्याच गटांत करा. त्यावरच्या वयात समोर माणसंच नाहीत.

तिसरं, शहर. व्हिएतनामी बहुतेक सिडनी-मेलबर्नमध्ये, स्कॉटिश वंशाचे गावोगावी. पगार आणि घरांच्या किमती सारख्या नाहीत. फक्त ग्रेटर मेलबर्न घ्या.

पाटीपेन्सिल
उत्पन्नाची सरासरी काढू नका, ते पट्ट्यांत असतं. वरची पट्टी आठवड्याला ३,५०० डॉलर किंवा जास्त, तिला वरचं टोकच नाही. मध्यक काढा, म्हणजे बरोबर मधल्या माणसाचं उत्पन्न. देशाचा मध्यक २०२१ ला आठवड्याला ८०५ डॉलर, तो शेजारी ठेवा.

शेवगाशेंग
आणि कॅब्रामाटा किंवा फेअरफिल्डचे आकडे "व्हिएतनामींचे" म्हणून लावू नका. तिथे इराकी, असिरियन, कंबोडियन सगळे राहतात, आणि कमाई वाढलेली व्हिएतनामी मुलं दुसरीकडे घर घेऊन गेलेली असतात. जे मागे राहिले ते उपनगराच्या आकड्यांत दिसतात, जे निघून गेले ते दिसत नाहीत.

निळीछत्री
मंडळी, नवीन टेबल काढलं. ग्रेटर मेलबर्न, २५ ते ३४, इथे जन्मलेले. पदवीधरांचं प्रमाण व्हिएतनामी गटात स्पष्ट जास्त आहे. आणि परदेशात जन्मलेल्या ५५ च्या पुढच्या व्हिएतनामींत चित्र पूर्ण उलटं, शिक्षण कमी, उत्पन्न कमी, इंग्रजी "नीट येत नाही" लिहिणारे बरेच. एकाच समाजात एवढी दरी. पहिल्या टेबलात हे काहीच दिसत नव्हतं.

मी हे एका समितीसाठी करतेय, आधी सांगायला हवं होतं. ज्येष्ठांसाठीच्या दुभाषांचे पैसे ठेवायचे की कमी करायचे, असा प्रश्न आहे. मागच्या बैठकीत एकाने सरसकट आकडा दाखवून म्हटलं की हा समाज आता स्थिरावलाय. मी तेव्हा गप्प बसले, माझ्याकडे आकडे नव्हते.

फुटस्क्रेकर
ताई, हे आधी सांगितलं असतंत तर मी पहिल्याच दिवशी लिहिलं असतं. आजी डॉक्टरकडे जाताना नातीला शाळेतून काढून नेतात, दुभाषी म्हणून. बारा वर्षांची पोर आजीला रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट समजावून सांगते.

शेवगाशेंग
मग तुमच्या पहिल्या पानावर वय आणि पिढी हवी, वंश दुसऱ्या पानावर. आणि स्कॉटिशांबद्दल एक ओळ जरूर टाका. १८५२ ते १८५७ मध्ये हायलँडमधून, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून, एका मदत संस्थेने जवळजवळ पाच हजार माणसं ऑस्ट्रेलियात पाठवली. बटाट्याच्या रोगाने उपाशी, जमिनीवरून हुसकलेली, पुष्कळांना फक्त गेलिक ही तिथली भाषा येत होती, इंग्रजी नाही. तेव्हा त्यांची मोजदाद झाली असती तर तीही अशीच दिसली असती. आज त्यांचे पणतू-खापरपणतू तुमच्या टेबलात आहेत, आणि ते समोर ठेवलेत कोणाच्या? पहिल्या पिढीच्या.

मुळामुठा
ही ओळ चांगली आहे. संस्कारांबद्दल माझं मत तेच आहे, पण दुभाषांचे पैसे कापू नयेत या मताचा मीही आहे.

निळीछत्री
टाकते. शेवटचा एक प्रश्न. ज्यांनी स्कॉटिश आणि व्हिएतनामी दोन्ही लिहिलंय, त्यांना कुठल्या ओळीत टाकू? थोडेच आहेत, पण आहेत. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीची दोन्ही मुलं त्यात येतात.

आकडेमोड
दोन्ही ओळींत राहू द्या, त्यांनी स्वतःच तसं लिहिलंय. खाली एक टीप द्या की काही लोक दोन्हीकडे मोजले आहेत. त्यांची वेगळी ओळ करू नका, आकडा इतका लहान आहे की टेबलबिल्डर तो हलवेल. वंशाचा प्रश्न १९८६ ला पहिल्यांदा आला, मग १९९१ आणि १९९६ ला नव्हता, २००१ पासून पुन्हा आहे. म्हणजे दशकांची तुलना मागितली तर २००१ पासूनच करा. आणि फाईल पाठवायच्या आधी ५५ च्या पुढचा तक्ता इथे टाका, मी रात्री एकपर्यंत जागा आहे.