जेट्टीवरून लाईट घेतली की झिंक लवकर संपतात, अर्थची वायर काढून टाकू का?

खाडीवाला: बेलापूरच्या बाजूला आपली २८ फुटी लोखंडी बोट उभी असते. आधी झिंक (लोखंडाऐवजी स्वतः झिजावेत म्हणून हलला लावलेले जस्ताचे तुकडे; हल म्हणजे बोटीचं बाहेरचं अंग) आरामात सीझन काढायचे पण किनाऱ्यावरच्या शेडमधून २३० व्होल्टची लाईन घेऊन चार्जर कायम चालू ठेवायला लागलो तेव्हापासून खडीसाखरेसारखे विरघळतायत, पंख्याच्या शाफ्टजवळ रंगाला फोड आलेत आणि नखाने खरवडलं तर काळा चुरा निघतो. वायरमन म्हणतो अर्थची हिरवी वायर काढून टाका, विषय संपला. काढू का?

पॅनलवाला: अजिबात नको!! वायरमनने वाट बरोबर ओळखलीय, उपाय मात्र जीवघेणा सांगितलाय. तुमची अर्थ आणि शेजारच्या बोटीची अर्थ शेडच्या बोर्डात एकत्र येतात, खाली खारं पाणी, म्हणजे दोन बोटी मिळून एक बॅटरीच झाली आणि तुमचे झिंक शेजाऱ्याचा पितळी पंखा (प्रोपेलर) सांभाळत बसलेत. पण अर्थ काढली आणि उद्या चार्जरमध्ये फेज बॉडीला लागला तर अख्खी बोट करंट मारेल, जेट्टीवरून पाय टाकणारा गेलाच.
गॅल्व्हॅनिक आयसोलेटर घ्या, लाईन बोटीत शिरते तिथेच फक्त हिरव्या वायरमध्ये सिरीजला बसतो. आतले डायोड साधारण १.२ व्होल्टपर्यंतचा डीसी अडवतात आणि झिंक-पितळेतला फरक एक व्होल्टच्या आतलाच असतो, फॉल्टचा मोठा करंट मात्र सरळ पास होतो. फेल-सेफ लिहिलेलाच घ्या, म्हणजे डायोड जळला तरी अर्थ तुटत नाही. आणि बोटीवर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) हवीच, टेस्टचं बटण अधूनमधून दाबत जा.

भरतीओहोटी: खर्च करण्याआधी मोजा तरी. सिल्व्हर क्लोराइडचा रेफरन्स सेल (व्होल्टेज ज्याच्या तुलनेत मोजायचं तो ठरावीक तुकडा) पाण्यात सोडायचा, मीटरची दुसरी वायर हलच्या उघड्या लोखंडाला. उणे ८०० ते उणे १०५० मिलीव्होल्ट आलं तर लोखंडी बोट सेफ. मग प्लग लावून आणि काढून दोन्ही वेळा बघा, लावल्यावर आकडा उणे ६०० कडे सरकला तर करंट अर्थमधूनच जातोय. काहीच फरक नाही पडला तर बिल्ज पंपाचे (बोटीच्या तळात साचलेलं पाणी काढणाऱ्या पंपाचे) वायरचे जॉइंट तपासा, भिजलेल्या जॉइंटमधून १२ व्होल्ट लीक होत असेल तर ते लोखंड झपाट्याने खातं, तिथे आयसोलेटरचा काडीचा उपयोग नाही. आणि झिंकला रंग मारला नाहीये ना? बरेच जण मारतात 😅
पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडसर होतं तेव्हा झिंकवर थर धरतो आणि ते काम करेनासे होतात, आपल्याकडे झिंकऐवजी ॲल्युमिनियमचे ॲनोड (तसेच झिजणारे तुकडे) बरे.

खाडीवाला: रंग नाही मारलेला. सेल मागून आणला, प्लग काढून उणे ८७०, लावून उणे ७१०. आयसोलेटर की सरळ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (किनाऱ्याची लाईन आणि बोटीची लाईन वायरने न जोडता वीज देणारा)?

पॅनलवाला: बघा, अर्थच निघाली. कायम लावून ठेवणार असाल तर माझ्या मते ट्रान्सफॉर्मर, किनाऱ्याची अर्थ हलपर्यंत येतच नाही. जड आणि महाग आहे, आणि सेकंडरीचं (बोटीकडच्या वाइंडिंगचं) एक टोक बोटीच्या अर्थला जोडायला विसरला तर आरसीसीबी नुसती शोभेला. पण तुमच्या एका चार्जरला आयसोलेटर पुरे.

खाडीवाला: ओके, आयसोलेटरच. तोवर रात्री प्लग काढून ठेवतो. शेजारच्या काकांचा पंखा फुकट चकचकीत राहतोय, त्यांच्याकडून झिंकचे पैसे मागायला हवेत.