बखरकार, तवारीखकार की वाकेनवीस?

पोथीपान:
भाषांतर करतोय त्या पुस्तकात ‘क्रॉनिकलर’ हा एकच शब्द तीन माणसांना लावलाय: मठात बसून वर्षावर्षाच्या घटना टिपणारा मध्ययुगीन युरोपातला साधू, दिल्लीच्या सुलतानाच्या कारकिर्दीवर लिहिणारा दरबारी आणि विसाव्या शतकातला एक पत्रकार. कोशात ‘बखरकार’ मिळतो. तिन्हीकडे चालेल का?

मोडीवाचक:
पहिल्या दोघांना नको. बखर म्हणजे घटना होऊन गेल्यावर, बहुधा कुणाच्या तरी आज्ञेवरून, मराठी गद्यात लिहिलेली सलग हकिकत. सभासद बखर (१६९७) घ्या. राजाराम महाराजांनी थोरल्या महाराजांचं, म्हणजे शिवाजी महाराजांचं, चरित्र विचारलं आणि कृष्णाजी अनंत सभासदांनी ते लिहून सादर केलं, म्हणून तिचा घाट विनंतीपत्राचा आहे. मल्हार रामराव चिटणीसांची बखर तर शिवकाळानंतर शंभरावर वर्षांनी लिहिलेली. बखरकार रंगवून सांगतो, संवाद घालतो, आकडे फुगवतो.

तुमचा साधू तसं काही करत नाही, तो एकेक ओळ टिपतो. आपल्याकडे त्याचा भाऊबंद म्हणजे शकावलीकार, शकवर्षांच्या क्रमाने घटनांची त्रोटक यादी लिहिणारा. पण शकावलीत ‘शक’ बसलाय, युरोपातल्या मठात तो विनोदी दिसेल. पहिल्यांदा ‘वर्षवार नोंदी ठेवणारा’ असं उलगडून लिहा, पुढे ‘नोंदकार’ पुरे.

दौत_लेखणी:
दरबाऱ्याला ‘तवारीखकार’ म्हणा. तवारीख हे मुळात अरबी ‘तारीख’चं अनेकवचन, पण मराठीत एकवचनी म्हणूनच रुळलंय. बरनी, फरिश्ता, खाफीखान अशा फारसीत इतिहास लिहिणाऱ्यांना हाच शब्द शोभतो.

‘वाकेनवीस’ घालायचा मोह मात्र टाळा. वाका म्हणजे घटना, नवीस म्हणजे लिहिणारा. अर्थ जुळतो, पण तो हुद्दा आहे. हा माणूस रोजच्या रोज घडलेलं टिपून ठेवणारा कारकुनी अधिकारी, ग्रंथकर्ता नव्हे. मराठीत त्याचाच ‘वाकनीस’ झाला आणि अष्टप्रधानांत त्याला ‘मंत्री’ हे संस्कृत नाव मिळालं. शिवाजी महाराजांचे दत्ताजी त्रिंबक हे वाकनीस. चिटणीस, फडणीस, सुरनीस यांच्यातला ‘नीस’ही तोच. वाकनीस आणि सुरनीसात ‘न’, चिटणीस आणि फडणीसात ‘ण’. मुद्रितं तपासताना इथे हमखास चूक राहते.

पोथीपान:
धन्यवाद. म्हणजे पत्रकाराला तरी ‘बखरकार’ चालेल?

मोडीवाचक:
‘शहराचा बखरकार’ अशा लाक्षणिक अर्थाने खुशाल. फक्त वाक्याचा रोख बघा. मूळ लेखक त्या पत्रकाराच्या अचूकपणाचं कौतुक करत असेल तर शब्द उलटा पडेल. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडात बखरींतल्या चुका अस्सल पत्रांशी ताडून दाखवल्या, तेव्हापासून ‘बखरीतलं आहे’ म्हणजे ‘पडताळून घ्या’ असाच सूर लागतो. कौतुक असेल तर ‘साक्षेपी नोंदकार’ बरा. ‘इतिहासकार’ नको, कारण तो साधनं तपासून निष्कर्ष काढतो. पत्रकाराच्या नोंदी त्याच्यासाठी साधन ठरतात.

दौत_लेखणी:
रूपं चुकवू नका: बखर स्त्रीलिंगी, अनेकवचन बखरी, पण लिहिणारा ‘बखरकार’च, ‘बखरीकार’ नाही.

पुस्तकात शक आले असतील तर त्यांचं इसवी सन काढताना सरसकट ७८ मिळवू नका. चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. जेधे शकावलीत शिवजन्म फाल्गुन वद्य ३, शके १५५१ असा आहे. ७८ मिळवले तर १६२९ येतं आणि वर्ष चुकतं; ७९ मिळवले की १९ फेब्रुवारी १६३० जुळते. काही उत्तरकालीन बखरींत जन्म शके १५४९च्या वैशाखात दिलाय, तिथे ७८ मिळवून १६२७ येतं. तो फरक तुमच्या बेरजेचा नाही, बखरीचाच आहे. भाषांतरात तो ‘दुरुस्त’ करू नका, तळटीप द्या.