इतिहास घेतलात, मग पुढे काय झालं?

बारावीचा निकाल लागला की साताऱ्या-सांगलीकडे ठरलेला प्रश्न: "इतिहास घेऊन काय करणार?" आता बी.ए.ला मेजर-मायनर, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषय, आल्यापासून "निदान मायनर तरी घेऊ का?" याची भर पडली. ज्यांनी घेतला त्यांनी लिहा. नोकरी लागली नसेल तरी लिहा. सुरुवात मी करते.

सातारा. मार्क कमी पडले म्हणून इतिहास मिळाला, आवड होती असं उगाच सांगत नाही. दुसऱ्या वर्षी मोडी शिकले. अक्षरं लागली, पण तारखेपाशी गाडी अडली. पत्रावर 'सु॥ इहिदे सितैन मया व अलफ'. सु॥ म्हणजे शुहूर सन, जुन्या मराठी कागदांवरचं साल. अरबी आकडे: एक, साठ, शंभर, हजार. झाले ११६१. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७६०. पत्र जानेवारी ते मृग यांमधलं असेल तर ६०० मिळवायचे, म्हणजे १७६१, पानिपतचं साल. दोन आकडे कशाला, ते डोक्यात शिरेना. घरी सहज बोलले की हे साल मृगाला सुरू होतं. वडील म्हणाले, "मग बरोबरच आहे की. पेरणी काय जानेवारीत करतात?" त्यानंतर कधी चुकले नाही. सध्या जमिनीच्या जुन्या कागदांचं लिप्यंतर करून देते. पैसे पानावर. वाळवीनं खाल्लेलं पान अर्धं धरायचं की पूर्ण, यावरून दर वेळी घासाघीस.

कुंडल, १९९६. प्रकल्पाला प्रतिसरकार घेतलं, क्रांतिसिंह नाना पाटलांनी इंग्रजांविरुद्ध चालवलेलं. म्हटलं सोपं आहे, आजोबाच घरात बसलेत. शेणोलीला १९४३ साली पगाराची गाडी लुटली ती गोष्ट ते रंगवून सांगायचे, अन् दर वेळी रक्कम वाढायची. आजीच्या तोंडी त्याचं नाव कायम 'पत्री सरकार'. सरांनी विचारलं, आजोबा तिथं होते का? नव्हते. नऊ वर्षांचे होते. अर्धी वही तिथंच बाद. मग कागद शोधायला निघालो, तर सातारा जिल्ह्याच्या यादीत आमचं गावच नाही. कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं, हे कुंडलच्या पोराला बी.ए.च्या तिसऱ्या वर्षी कळलं!

सांगली. अर्थशास्त्र मेजर, इतिहास मायनर. क्रेडिट भरायला घेतला. अजून तरी तक्रार नाही, फक्त वाचायला फार असतं.

सातारा. आमच्याकडे तीन वर्षं "घ्या लिहून". सरांची वही पिवळी पडलेली. प्रतापसिंह महाराजांना १८३९ ला गादीवरून काढलं, १८४८ ला दत्तक नामंजूर करून संस्थान खालसा केलं. कारणे पाच, परिणाम पाच. हे सगळं जिथं घडलं त्याच गावात बसून! खिडकीतून अजिंक्यतारा दिसायचा. एकदाही वर नेलं नाही. मी आता बँकेत आहे, इतिहासाचं नाव काढत नाही.

वाई. इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या जुन्या पत्रांच्या संग्रहाचा पहिला खंड १८९८ ला निघाला, त्यातली पत्रं वाईतच मिळालेली. हे मी वसतिगृहात पाठ करत होते, त्याच महिन्यात इकडे चुलत्यांनी आमच्या माळ्यावरचं जुन्या कागदांचं गाठोडं बंबात घातलं. दिवाळीच्या आंघोळीला. दोन पानं तेवढी बचावली. एकावर गूळ, सुपारी असा हिशेब आहे, दुसरं काही केल्या लागत नाही. वरच्या मोडीवाल्या ताई, बघाल का? वाळवी नाही लागलेली, पूर्ण पान धरा.