शॅक ऑल टाइम यादीत नक्की कितवा?

सहाफुटीपणनाही
मंडळी, आमच्या ग्रुपवर परवापासून नुसती हाणामारी चालू आहे, म्हटलं इथे विचारावं. विषय शकील ओनील, म्हणजे शॅक, एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधे लेकर्स टीमकडून गाजलेला खेळाडू. मी टॉप टेन टाकली आणि शॅकला नववा ठेवला. एक जण म्हणाला टॉप फाइव्हमधे शॅक नसेल तर तू क्रिकेटच बघ, दुसरा म्हणाला टॉप टेनमधे घेतलासच कसा, साधा फ्री थ्रो (फाउल झाल्यावर मिळणारा मोकळा शॉट) तरी पडायचा का त्याचा. दोघंही सिरियस होते.

माझा घोळ असा आहे की २००० ते २००२ ही तीनच वर्षं समोर ठेवली तर मला त्याच्या वरचा सेंटर (बास्केटखाली खेळणारा उंच माणूस) दिसत नाही. तीन फायनल, तिन्ही जिंकल्या, तिन्ही वेळा फायनल एमव्हीपी (फायनलचा सर्वोत्तम खेळाडू), आणि दर मॅचच्या पॉइंटची सरासरी बघा, पेसर्स टीमविरुद्ध ३८, सिक्सर्सविरुद्ध ३३, नेट्सविरुद्ध ३६.३. अख्ख्या सिरीजची सरासरी सांगतोय, एखाद्या मॅचचा आकडा नाही. पण दुसरीकडे १९ सीझन खेळून रेग्युलर सीझनचा (बाद फेऱ्यांआधीच्या मॅचचा) एमव्हीपी एकदाच! बाकीचे सेंटर बघा, करीमचे सहा, रसेलचे पाच, विल्टचे चार, मोझेस मलोनचे तीन, २०२४ पर्यंत योकिचचे पण तीन झाले. एवढा डॉमिनंट होता तर मग दरवर्षी ते दिसलं का नाही?

सेंटरमधे कितवा आणि ओव्हरऑल कितवा, दोन्ही सांगा. आणि कारण द्या, नुसतं गोट गोट (सर्वकालीन महान) नको.

खडूसकाका
सेंटरमधे दुसरा, ओव्हरऑल पाचवा. झालं.

आता कारण. एमव्हीपी म्हणजे पत्रकारांची मतं असतात बाबा. २००० साली १२१ पैकी १२० मतं त्याला मिळाली, एका पठ्ठ्याने सिक्सर्सच्या आयव्हर्सनला मत दिलं म्हणून एकमताने निवड हुकली. २००५ मधे फीनिक्सच्या नॅशला दिला, तेव्हाही शॅक थोडक्यातच मागे होता. तुम्ही आकडे बघताय, आम्ही सकाळी सहाला उठून आवाज बंद करून टीव्ही लावायचो (घरातले झोपलेले असायचे), त्यामुळे जे बघितलं ते सांगतो. समोरच्या टीमचं अर्धं डोकं त्या एका माणसावरच खर्च व्हायचं. लीगमधे अशा टीम होत्या ज्यांनी एक्स्ट्रा सेंटर फक्त याच्यासाठी बाळगले होते, कारण एका सेंटरचे फाउल सहाच असतात, मग दुसरा पाठवा, मग तिसरा. सिक्सर्सनी २००१ मधे फेब्रुवारीत सेंटर मुटोम्बोला आणलं, त्याच वर्षी तो डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर झाला, ७ फूट २ इंच उंच, म्हणजे कोणी ऐरागैरा नाही. फायनलमधे काय झालं? दादरला चढणारी गर्दी दारातल्या माणसाला आत घेऊन जाते तसा मुटोम्बो दर पझेशनला, म्हणजे लेकर्सकडे बॉल आला की, बास्केटखाली जात होता. शॅकचे ३३ पॉइंट आणि १५.८ रिबाऊंड (हुकलेला शॉट पकडणं), सिरीज पाच मॅचमधे खल्लास. आणि त्या प्लेऑफमधे (बाद फेऱ्यांत) लेकर्स एकूण १५-१. ती एक पण फायनलची पहिली मॅच, आयव्हर्सनच्या ४८ पॉइंटमुळे गेली.

आणि रुकी होता, म्हणजे पहिलाच सीझन, तेव्हा १९९३ मधे दोनदा बास्केटचा सगळा डोलारा खाली आणला, एकदा फीनिक्समधे, एकदा न्यू जर्सीत. त्यानंतर लीगला बास्केट जास्त मजबूत करावे लागले. असा प्लेयर नववा?

कोपरखळी
काका, बास्केट मोडल्याचे पॉइंट मिळत नाहीत ;)

मला शॅक आवडतो पण त्याच्या केसमधली भोकं कोणी बोलत नाही. सहा वेळा स्वीप झालाय तो, म्हणजे सिरीजमधे एकही मॅच न जिंकता बाहेर. परत वाचा, सहा. १९९४ ला पेसर्स, ९५ ला रॉकेट्स, ९६ ला बुल्स, ९८ ला जॅझ, ९९ ला स्पर्स आणि मायामीला गेल्यावर २००७ ला परत बुल्स. त्यात त्याच्या साथीदारांपैकी कोबी लहान होता, हॉरेस ग्रँटला दुखापत होती, वेड फिट नव्हता, सगळी कारणं मान्य, पण ज्याला कोणी थांबवू शकत नाही म्हणतो आपण त्याच्या टीमला निदान एक मॅच तरी मिळायला पाहिजे ना?

दुसरं म्हणजे फिटनेस, आणि माझ्या मते यादीत तो खाली येतो तो इथे. २००२ मधे तीन रिंग (टायटल) झाल्या, पायाच्या अंगठ्याचं ऑपरेशन करायचं होतं, जूनमधे सीझन संपला आणि ऑपरेशन सप्टेंबरमधे! दुखापत कंपनीच्या वेळेत झाली तर बरा पण कंपनीच्या वेळेतच होईन असं तो स्वतःच म्हणाला होता. पुढच्या सीझनला पहिल्या ३० मॅचमधे लेकर्स ११ जिंकले १९ हरले आणि शेवटी स्पर्सनी प्लेऑफमधून बाहेर काढलं. चौथी सलग रिंग तिथे गेली. करीम बघा, ३८व्या वर्षी १९८५ च्या फायनलचा एमव्हीपी, बॉस्टनला हरवून. पहिला फायनल एमव्हीपी १९७१ चा. मधे चौदा वर्षं. शॅक ३८ वर्षांचा होता तेव्हा बॉस्टनच्या बेंचवर दुखऱ्या पायाने बसला होता.

सेंटरमधे चौथा. करीम, रसेल, विल्ट, मग शॅक. ओव्हरऑल आठ-नऊ, म्हणजे तुझा नंबर बरोबर आहे.

स्वप्नातलाशेक
रॉकेट्सच्या सेंटरचं, हाकीमचं नाव कोणीच कसं घेत नाही?? एकाच सीझनमधे एमव्हीपी, डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर आणि फायनल एमव्हीपी, १९९४, असं तिन्ही एका वर्षात दुसऱ्या कोणालाच जमलेलं नाही. लीगच्या इतिहासात सगळ्यात जास्त ब्लॉक (अडवलेले शॉट), ३८३०. आणि शॅकशी समोरासमोर १९९५ ची फायनल ४-०. सहाव्या सीडवरून (मानांकनावरून) आलेली टीम होती ती, वाटेत त्या वर्षीचा एमव्हीपी डेव्हिड रॉबिन्सन होता, त्याला पण रडवला. फ्री थ्रो हुकतील म्हणून कोणी त्याला जाणूनबुजून फाउल करत नव्हतं आणि शेवटच्या दोन मिनिटांत कोचला त्याला बाहेर बसवायचा विचार करावा लागत नव्हता. सेंटर म्हणजे दोन्ही बाजूला खेळणारा माणूस. शॅक पिक अँड रोलला (साथीदाराच्या आडोशाने गार्ड मोकळा होतो तो डाव) वर यायचाच नाही, बास्केटखाली उभा राहायचा आणि समोरचे गार्ड आरामात लांबून जंपर मारायचे. हाकीम त्याच्या वर, विषय संपला.

खडूसकाका
विषय संपला म्हणणाऱ्याने ती फायनल परत बघावी. हाकीम ३२.८, शॅक २८ पॉइंट, १२.५ रिबाऊंड आणि वर ६.३ असिस्ट (बास्केट करून देणारे पास), शूटिंग जवळपास ६० टक्के, आणि वय २३. हाकीम ३२ वर्षांचा मुरलेला. पहिली मॅच ऑर्लँडोने, म्हणजे शॅकच्या तेव्हाच्या टीमने, खिशात घातली होती, तीन पॉइंटचा लीड, शेवटच्या सेकंदांत निक अँडरसनने लागोपाठ चार फ्री थ्रो सोडले. चार! मग रॉकेट्सच्या केनी स्मिथने थ्री (तीन पॉइंटचा शॉट) मारून ओव्हरटाइमला नेली. फ्री थ्रोमुळे हरली ती मॅच, आणि ते फ्री थ्रो शॅकचे नव्हते, याची कोणी नोंद ठेवत नाही.

फ्रीमाँटचापाव्हणा
इकडे मी बे एरियात असतो आणि सॅक्रामेंटो किंग्जचा फॅन, त्यामुळे २००२ बद्दल माझ्याकडून न्यायाची अपेक्षा ठेवू नका. प्लेऑफमधे आमच्याविरुद्ध सहाव्या मॅचच्या चौथ्या क्वार्टरला लेकर्सना २७ फ्री थ्रो. सत्तावीस. शॅकने आम्हाला क्वीन्स म्हणून हिणवलं आणि नंतर २०१३ मधे त्याच किंग्जमधे छोटा हिस्सा विकत घेतला, मुंबईत वाढलेल्या विवेक रणदिवेंच्या ग्रुपबरोबर. असो, ते बिल भरून झालंय.

पण राग बाजूला ठेवून एक मुद्दा, जो इथे आला नाही. २००१-०२ पासून लीगने झोन डिफेन्स (माणूस न धरता जागा राखणं) चालू केला. त्याआधी इल्लीगल डिफेन्सचा नियम होता, म्हणजे आपला माणूस सोडून शॅकच्या पुढ्यात नुसतं उभं राहता येत नव्हतं, डबल टीम करायची (दोघांनी घेरायचं) तर नीट जाऊन करावी लागायची. आता पुढून एक मागून एक ठेवता येणार, शॅक संपला असं बरेच जण म्हणत होते. आणि त्याच सीझनच्या फायनलमधे ३६.३. मला तरी २००० पेक्षा ते वर्ष जास्त भारी वाटतं. नेट्सकडे त्याच्या मापाचा माणूस नव्हता हे खरं, पण आमच्याकडे सेंटर व्लादे दिवाच होता आणि तो दर दुसऱ्या पझेशनला स्वतःहून जमिनीवर पडायचा, तरी शॅक खेळलाच की.

फ्री थ्रोचं म्हणाल तर करियर ५२.७ टक्के, त्याचा बचाव नाही. पण २००० च्या फायनलची दुसरी मॅच घ्या. पेसर्स धरून धरून फाउल करत होते, ३९ फ्री थ्रो मारायला लावले, १८ पडले. तरी मॅचचा हिशोब ४० पॉइंट २४ रिबाऊंड आणि लेकर्स जिंकले. समोरचा कोच म्हणतोय की याला शॉट मारू देण्यापेक्षा फुकटचे दोन फ्री थ्रो दिलेले परवडतात, यातच काय ते आलं.

सेंटरमधे तिसरा. करीम, रसेल, शॅक. विल्टला मी खाली ठेवतो.

जुनापेपर
विल्टला खाली ठेवणाऱ्यांसाठी. १९६१-६२ मधे ५०.४ ची सरासरी, दर मॅचला ४८.५ मिनिटं, म्हणजे ओव्हरटाइम धरून जवळपास एक मिनिट बाहेर न बसता. हर्शी गावातल्या एका मॅचचे शंभर पॉइंट त्याच सीझनचे. बास्केटपुढची लेन १९६४ मधे १२ फुटांवरून १६ फूट केली ती मुख्यतः त्याच्यामुळे. त्याआधी मायकन नावाच्या सेंटरमुळे ६ ची १२ केली होती. करीम कॉलेजात होता तर कॉलेज बास्केटबॉलने डंकच (वरून बॉल बास्केटात कोंबणं) बंद केला, १९६७ ते ७६. माझी यादी करायची पद्धत सोपी आहे, कोणामुळे नियम बदलावे लागले ते आधी लिहायचे.

आता कोणी म्हणेल लीगमधे तेव्हा नऊच टीम होत्या. खरंय. पण नऊ टीम म्हणजे दर तिसऱ्या दिवशी समोर रसेल, आणि रसेलने १३ सीझनमधे ११ टायटल नेली. त्याला एकही फायनल एमव्हीपी नाही कारण ते बक्षीसच १९६९ ला सुरू झालं, त्याच्या शेवटच्या वर्षी, आणि ते पण हरलेल्या जेरी वेस्टला दिलं. आता बक्षिसालाच रसेलचं नाव आहे.

शॅक सेंटरमधे चौथा. त्याच्या आधीचे तिघं माझ्या मते हलत नाहीत.

सहाफुटीपणनाही
बरंच मिळालं, धन्यवाद. पण सगळ्यांनी एक माणूस सोयीस्कर बाजूला ठेवलाय, स्पर्सचा डंकन. तो सेंटर धरला तर सगळ्यांचा शॅक एकेक पायरी खाली येतो. पाच रिंग, दोन एमव्हीपी, तीन फायनल एमव्हीपी.

कोपरखळी
डंकन पॉवर फॉरवर्ड, सेंटरच्या शेजारची जागा. शेजारी रॉबिन्सन सेंटर खेळायचा.

स्वप्नातलाशेक
रॉबिन्सन २००३ ला गेला, पुढची तेरा वर्षं डंकन काय गार्ड खेळला का?

खडूसकाका
कुठेही धरा. प्लेऑफमधे दोघं सहा वेळा समोरासमोर आले. १९९९, २००३ आणि २००८ डंकनचे, २००१, २००२ आणि २००४ शॅकचे. तीन-तीन. त्यातलं २००८ म्हणजे शॅक फीनिक्सला होता, ३६ वर्षांचा, आणि पहिल्याच मॅचला डंकनने ओव्हरटाइममधे थ्री मारला, अख्ख्या सीझनमधे एक पण पडला नव्हता त्याचा. ते वर्ष मी धरत नाही.

कोपरखळी
मग २००४ पण नको धरायला काका, लेकर्सच्या फिशरचा तो ०.४ सेकंद उरले असतानाचा शॉट होता त्यात.

खडूसकाका
तो धरायचा.