तिसरी गाडी कोणामुळे रुतली? : वादीतल्या प्रवासाचे अनुभव

चवथीला फोंड्याला आमच्या घरी सगळे जमले होते. नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, दुसरा डबा उघडला आणि परत तोच वाद निघाला : २०१९च्या जानेवारीत ओमानच्या वादीत तिसरी गाडी रुतली ती कोणामुळे? आरतीला उशीर होईपर्यंत भांडण चाललं. म्हणून हा धागा.

जे आले नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात. वादी म्हणजे एरवी कोरडं पडलेलं नदीचं पात्र. ओमानच्या हजर पर्वतात अशा वाद्यांनी डोंगर उभे चिरत नेले आहेत. आम्ही तेरा माणसं, तीन गाड्या, सगळ्या फोर बाय फोर. अल हमराकडून शरफ अल आलमैनला चढलो, म्हणजे जवळपास २००० मीटर. तिथवर डांबर होतं. पुढे कच्च्या वाटेने बलद सैत, झम्मा करत वादी बनी औफमधून रुस्ताकच्या बाजूला उतरायचं होतं. झम्माच्या खाली, सपाटी दिसू लागली आणि सगळे सैलावले, तेव्हा गाडी रुतली.

नियम एकच. स्वतः पाहिलंत तेवढंच लिहा, एकमेकांना फोन करून जुळवाजुळव करू नका. आले नव्हते पण पाण्यातून गाडी काढणं ज्यांच्या रोजच्या हाताचं आहे, त्यांनीही लिहावं. माझं मत मी आधीच सांगतो : तिसऱ्या गाडीच्या चालकाने नको तिथे रेस केली. दुसरी गाडी मी चालवत होतो, सगळं डोळ्यांसमोर घडलं.

*

पहिली गाडी, चालक. साखळी

मी लिहिणाऱ्यातला नव्हे. दहा-बारा वर्षं खनिजाचा टिप्पर चालवला, खाणीवरून जेटीवर. २०१२ला खाणी बंद पडल्या, हप्ते तसेच राहिले, पुढच्या वर्षी मस्कत गाठलं. तिथे पाण्याचा टँकर मिळाला. सुट्टीच्या दिवशी कंपनीतल्या पोरांबरोबर वाद्या फिरलो, म्हणून तुम्हा लोकांना न्यायची जबाबदारी माझ्यावर आली.

उतारावर ब्रेक हे शेवटचं औषध. दहा टन माल मागे असला की हे कोणी शिकवावं लागत नाही. शरफवरून खाली वळलो तशी मी फोर-लो टाकली, म्हणजे चारी चाकांना जोर पण गती कमी, गिअर सगळ्यात खालचा, आणि पाय दोन्ही पेडलांवरून काढून घेतले. गाडी इंजिनावर लटकत, रडत-कुढत उतरते. उतरू द्यायची. हे तिन्ही चालकांना वर चहा पितानाच सांगितलं होतं. तिसऱ्या वळणावर खिडकीतून जळका वास आला. माझ्या गाडीचा नव्हता. मागे बघितलं तर दुसऱ्या गाडीच्या चाकांतून धूर. अर्धा तास थांबलो. साहेब बाटलीतलं पाणी डिस्कवर ओतायला निघाले होते, त्यांचा हात धरला. तापलेल्या लोखंडावर थंड पाणी ओतलं तर ते वाकतं, मग ब्रेक मारला की स्टिअरिंग हातात नाचतं. हे त्यांनी वर लिहिलेलं नाही.

हवेबद्दल. निघताना टायरात ३५ होती, ती मी २५वर आणली. दगडावर टायर जरा बसला पाहिजे. फार बसला तर बाजूची भिंत दगडाला लागते, आणि तिथे फाटलं की पंक्चर काढता येत नाही, टायरच टाकावा लागतो. वाळूचं गणित निराळं, तिथे पंधरा-अठरापर्यंत उतरतात.

आता रुतण्याचं. खडीत चाक जागच्या जागी फिरतंय असं वाटलं की पाय काढायचा. पोराने दाबला, हे खरं. पण गाडी तिथे उभी का होती? मी दोनशे मीटर पुढे, वरच्या कठड्यावर जाऊन थांबलो होतो. वादीच्या पोटात गाडी थांबवायची नसते, मग आकाश कितीही निळं असो. वॉकीटॉकीवर दोनदा सांगितलं. 'ऐकू आलं नाही' म्हणतात.

*

पहिली गाडी, चालकाशेजारी. डिचोली

तीस वर्षं भूगोल शिकवला, तरी त्या उतारावर मी डोळे मिटून रामरक्षा म्हटली, हे आधी कबूल करते. तिथे स्टिअरिंग डावीकडे. मी उजवीकडे बसले आणि दरीही उजवीकडे. खिडकीतून खाली पाहिलं की रस्ता दिसायचा नाही, थेट तळ दिसायचा.

ब्रेक निवायला थांबलो तिथे मला जे दिसलं त्यासाठी मी पुन्हा तेवढी भीती सोसेन. रस्त्यालगतच्या चुनखडीत शिंपल्या होत्या. एक-दोन नव्हेत, खच. तिसऱ्यो खाऊन झाल्यावर ताटाच्या कडेला राहतात ना, तशा एकमेकींवर पडलेल्या, फक्त दगड झालेल्या. हजर पर्वत समुद्राखालून वर आला, हे मी फळ्यावर खडूने काढलेलं आहे. त्या दिवशी त्यावरून बोट फिरवलं. नखाला धार लागली.

बलद सैत गाव सगळ्यांना 'चित्रासारखं' वाटलं. मला ते आपल्या सावईवेऱ्याच्या कुळागरासारखं वाटलं. माड-पोफळींच्या जागी खजूर, बाकी पाट तसाच, वाफ्यावाफ्याने फिरणारा. त्या पाटाला फलज म्हणतात. ओमानमधल्या पाच फलजांना युनेस्कोने २००६ साली जागतिक वारशात घेतलं. पाण्याची पाळी वेळेवर ठरते. पूर्वी दिवसा सावलीवर मोजायचे, रात्री ताऱ्यांवर. आपल्याकडे पाटाच्या पाळीवरून भाऊ भावाशी बोलत नाही, तिथे काय होतं ते विचारायचं राहून गेलं.

पुराचं कारण समजून घ्या, कारण आमच्यातल्या बऱ्याच जणांना अजून वाटतं की 'अचानक आलं'. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, मस्कतला १००च्या आसपास. तरी वादी आपल्या नदीपेक्षा घातकी. आपल्याकडे पहिला पाऊस माती पिते, मुळं पितात, पालापाचोळा पितो. तिथे डोंगर उघडाबोडका. वर पडलेला जवळजवळ प्रत्येक थेंब घरंगळत त्या एकाच घळीत येतो. पाऊस कित्येक किलोमीटर दूर, शिखरावर. तुमच्या डोक्यावर ऊन. आम्ही पावसाळ्यात वाढलेली माणसं, आम्हाला पाण्याचं काय भय, असा एक माज आम्हा तेराही जणांत होता. माझ्यातसुद्धा.

पाणी आलं तेव्हा मी कठड्यावर होते. आधी आवाज आला, खडीचा ट्रक दूर कुठेतरी रिकामा होतोय असा. माझ्या अंदाजाने ते छातीएवढं होतं.

*

तिसरी गाडी, चालक. मडगाव

हो, रेस केली. चोवीस वर्षांचा होतो, समोर एक अनोळखी म्हातारा पिकअपमधून उतरून 'वादी! वादी!' ओरडत मागच्या डोंगराकडे हात करत होता. मी आरशात पाहिलं, शिखरावर एकच काळा ढग. गोव्यात असल्या ढगाकडे कोणी वळूनही बघत नाही. पण त्याचा चेहरा बघून मी पाय दाबला.

चाक खाली गेलं ते जाणवतं, पोटात. गाडी हलत नाही, फक्त एका कोपऱ्यात बसते. खडी चण्याएवढी, गोल. जितकी उकरली तितकी बाजूची आत. फावडं पहिल्या गाडीत, पहिली गाडी वर. आम्ही जेवायच्या स्टीलच्या ताटांनी खणत होतो. माझं ताट दुमडलं, ते अजून घरी आहे.

म्हाताऱ्याने आधी मला हाताला धरून सीटवरून उतरवलं. मग चारी टायरांजवळ बसून किल्लीच्या टोकाने हवा सोडली. मापक-बिपक काही नाही. टायरच्या पोटाला बोट लावून बघायचा. मग पट्टा अडकवला, स्वतःच्या पिकअपला बांधला, आणि मला खूण केली : हळू. अंगठा आणि बोट जवळ आणून, चिमूटभर मीठ दाखवावं तशी. गाडी निघाली. एवढं सगळं पाव तासात.

पाणी नंतर दहा मिनिटांनी आलं. गुडघ्यापर्यंत असेल, पण त्यात हे एवढाले धोंडे गडगडत होते.

मी रेस केली हे मान्य. पण मी तिथे स्वतःहून थांबलो नव्हतो. एवढंच लिहितो, नाहीतर पुढच्या चवथीला नेवऱ्या मिळायच्या नाहीत.

*

तिसरी गाडी, मागची सीट. वास्को

मी झोपलो होतो. जाग आली तेव्हा सगळे ताटांनी जमीन खणत होते, मला वाटलं पिकनिक सुरू झाली. पाणी गळ्याएवढं होतं.

*

दुसरी गाडी. पेडणे

पुरुष मंडळी सगळी गिअर आणि हवा लिहिणार हे माहीत होतं. तीन तास आपण त्या कठड्यावर अडकलो होतो, तेव्हा खाल्लं काय, हे कोण लिहिणार?

मी घरून सुंगटांची, म्हणजे सुक्या कोलंबीची, किसमूर नेली होती. 'वाळवंटात कशाला सुकी सुंगटं' म्हणून दाबोळी विमानतळावर हसले होते सगळे. खोबरं तेवढं वेगळ्या डब्यात, बर्फाच्या पेटीत. खाली वादी तांबडी होऊन वाहत होती, झाडाच्या फांद्या, प्लास्टिकच्या बाटल्या, कोणाची तरी एक चप्पल, आणि मी वर दगडावर बसून सुंगटं चुरत होते. सकाळचा भात होता. त्या आजोबांनाही दिली. हिंदी बरं बोलायचे. वास घेतला, खाल्ली, आणि म्हणाले, आमच्याकडे मोरी, म्हणजे शार्क मासा, सुकवतात. मग काय, आमचं जमलं.

त्यांनी थर्मासमधली कॉफी काढली, वेलची घातलेली, बिनदुधाची, आणि खजूर. छोटा पेला, संपला की परत भरायचे. नाही म्हणायचं कसं? मी सात पेले प्यायले. पुरे असेल तर पेला हातात हलवून परत द्यायचा असतो, हे आठव्याला साखळीच्या भाऊंनी सांगितलं. ते सगळं बघत बसले होते आणि हसत होते.

पाणी किती होतं ते मला विचारू नका. मी खाली बघितलंच नाही.

*

आलो नव्हतो. कुळे

मी दूधसागरला जीप नेतो. ऑक्टोबरात हंगाम सुरू, पाऊस आला की बंद. माझ्या वाटेवर नदी आडवी येते, रोजची. धागा वाचला, म्हणून दोन गोष्टी.

पाण्यात शिरायच्या आधी गिअर ठरवायचा, मध्ये बदलायचा नाही. क्लच दाबला की गाडीचा जोर तुटतो. वेग असा की समोर एक लाट तयार होऊन ती गाडीच्या पुढे पुढे चालली पाहिजे. लाटेला गाठायचं नाही आणि मागे पडायचं नाही. पाण्यात इंजिन बंद पडलं तर परत चावी मारू नये. आत पाणी गेलेलं असलं तर इंजिनाचं काम तमाम होतं. ढकलून बाहेर काढा.

आमचं पाणी आधी निरोप धाडतं. रंग बदलतो, पान वाहू लागतं, काठावरचे दगड ओले होत जातात. तुमच्या त्या वादीत झाडच नाही तर पान कुठलं यायचं? मी असतो तर मलाही कळलं नसतं, असं वाटतं.

आणखी एक. ३१० मीटरचा धबधबा वर उभा असताना माणसं मला नदीच्या मधोमध जीप थांबवायला सांगतात. फोटो. रोज कोणीतरी एक असतोच. पाण्यापेक्षा मला त्याचीच जास्त धास्ती. तुमच्यातही तसा कोणी होता का, एवढं बघा.

*

दुसरी गाडी, मधली सीट. तेव्हा पर्वरी, आता पणजीत कॉलेजला

मी तेव्हा अकरा वर्षांची होते, म्हणून मला कोणी विचारलं नाही. पण माझ्याकडे टॅब होता आणि मी सगळ्याचे फोटो काढत होते. बहुतेक बकऱ्यांचे. त्यातल्या एकीने बाबाचं जेवणाचं बिल खाल्लं, तोही आहे.

तीन वाजून बेचाळीस मिनिटांच्या फोटोत वादीचं पात्र आहे. काका एका पांढऱ्या धोंड्यावर उभा आहे, निळी टोपी, दोन्ही हात पसरलेले. तिसरी गाडी चालती आहे आणि काका तिला हातांनी पुढे बोलावतोय. तेव्हा तो काय म्हणत होता ते मला आठवतं, कारण मलाही त्याने तेच सांगितलं होतं : दोन्ही गाड्या आल्या पाहिजेत, मागे कडा आला पाहिजे. फोटो मोठा करून पाहिला तर वॉकीटॉकी आपल्या गाडीच्या बॉनेटवर दिसतो. दिवा लागलेला नाही.

चार वाजून चौदा मिनिटांना मी वरून तीच जागा काढली. धोंड्याचा फक्त माथा पाण्याबाहेर आहे. तो धोंडा काकाच्या कमरेएवढा होता, पहिल्या फोटोत तो चढताना दिसतो. म्हणजे पाणी कमरेच्या जरा खाली होतं, गुडघा नाही आणि गळाही नाही. साडेसातला निघालो तेव्हा टॉर्च मारून पाहिलं, धोंडा तिथे नव्हता.

दोन्ही फोटो सगळ्यांना पाठवले आहेत.

*

फोंडा

टोपी माझीच आहे.

दुसऱ्या गाडीतल्या दोघांनी अजून काही लिहिलेलं नाही. त्यांनी लिहावं. घाई नाही.